हात कुणी कुणाला द्यायचा

खैरजाईवाडीच्या चर्चमधले बाक कुणाच्याही मालकीचे नव्हते. पण उजवीकडचा पहिला बाक लालासाहेबांचा, डावीकडचा दुसरा चंद्राबाईंचा आणि त्यामागचा तात्याबांच्या घरचा, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मिशनच्या काळात या घरांच्या आजोबा-पणजोबांनी सागवान दिलं होतं म्हणे. लाकूड देवाला दिलं आणि बसायची जागा तेवढी घरात ठेवली. ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची माणसं दाराजवळ सतरंजीवर बसायची. ती मूळची पूर्वेकडची, जत-आटपाडीच्या माळावरची, मेंढरं घेऊन फिरणारी. आता इकडं कॅनॉलच्या पाण्यावर थोडंफार पिकवून स्थिरावली होती. त्यांचे बाप्तिस्मे होऊन त्यांच्या पोरांची लग्नं झाली, तरी सतरंजी काही सुटली नव्हती. तिथं बसा असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं, पण इकडं या असंही कुणी म्हटलं नव्हतं. वाडीला वाटायचं, यात अन्याय तो कसला?

तर वस्तीवरच्या बयाबाईचे गुडघे धरले. खाली बसली की उठता येईना आणि उठली की बसता येईना. त्या रविवारी संडे स्कूल घेणाऱ्या अंकितानं म्हातारीला हाताला धरून आत आणलं आणि उजवीकडच्या पहिल्या बाकावर बसवलं. बाक मोकळाच होता. लालासाहेबांच्या घरचे सगळे कुंडलला लग्नाला गेलेले, आणि लालासाहेब पंच म्हणून दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार करत होते. पहिलं गीत सुरू झालं तसे ते आत आले, बाकाजवळ थांबले, खाली वाकून म्हातारीला काहीतरी बोलले. म्हातारी डोळे मिटून गात होती. तिला ऐकू आलं नसावं. लालासाहेबांनी तिच्या दंडाला धरलं आणि तिला उभं केलं.

गीत थांबलं नाही. उलट लोक जरा जास्तच मोठ्यानं गाऊ लागले. अवघडलेल्या माणसांना गाण्याचा हा मोठा उपयोग असतो. चंद्राबाईसुद्धा गात होत्या. फक्त अंकिता गायची थांबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हा बाक काय तुमच्या बापाचा हाय व्हय?"

लालासाहेबांच्या मते तो आजोबांचा होता. पण मुद्दा तो नव्हता. भर उपासनेत, सगळ्या मंडळीसमोर, सत्तावीस वर्षांच्या पोरीनं पंचाचा बाप काढला होता. लालासाहेब फौजेतून हवालदार होऊन आलेले, साठी उलटली तरी काठीसारखे ताठ. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. उपासना संपायच्या आत त्यांनी पाळकसाहेबांच्या कानावर तक्रार घातली. अंकितानंही तक्रार केली, म्हातारीला दंडाला धरून उठवलं म्हणून. एक तक्रार ऐकून घेतली गेली आणि दुसरी नुसतीच ऐकली गेली.

मंडळीचा कारभार पाळक आणि चार पंच बघायचे. लालासाहेब, तात्याबा, उदयसिंह आणि चंद्राबाई. चंद्राबाई वाडीच्या पहिल्या बाई-पंच. त्यांना निवडलं तेव्हा लालासाहेबांनीच नाव सुचवलं होतं. बाई गप्प असते, कामाला वाघीण आहे, शिवाय तिचा नवरा आपला जिवलग होता, असा त्यांचा हिशेब. त्यातला गप्प असण्याचा भाग तेवढा चुकला.

मंगळवारी चंद्राबाई अंगणात सुपात जोंधळे पाखडत होत्या, तेव्हा लालासाहेब आले. खाटेवर बसले, चहाला नको म्हणाले आणि चहा आल्यावर प्यायले.

"वैनी, विश्वजितचं काय ठरलं?" त्यांनी विचारलं.

विश्वजित म्हणजे चंद्राबाईंचा एकुलता एक मुलगा. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात होता. कंत्राट संपलं, तसा बायको आणि तान्ही पोर घेऊन वाडीला परत आला. चर्चमध्ये पेटी तोच वाजवायचा. पोरगा गुणी, वाचलेला, आवाजाला गोड. आणि योगायोग असा, की पाळकसाहेबांच्या हाताखाली एक पगारी सेवक नेमायचा होता. पाळकांकडं आणखी दोन गावं होती. ते तिकडं गेले की वाडीची उपासना, मुलांचे वर्ग, आजाऱ्यांच्या भेटी हे सगळं सेवकानं बघायचं. चर्चच्या मागचं दोन खोल्यांचं घर राहायला. विश्वजितनं नाव दिलं होतं. अंकितानंही दिलं होतं. दोघंही त्या जागेला शोभतील असेच होते, आणि चंद्राबाईंची झोप त्यामुळंच उडाली होती.

"काय ठरायचंय?" चंद्राबाई म्हणाल्या. "दोन नावं हायती. पंच बघतील."

"पंच म्हणजे कोण? आपणच की." लालासाहेब हसले. "हे बघा, सरळ सांगतो. त्या पोरीनं पंचाचा अपमान केला. शनिवारच्या उपासनेत तिनं मला हात द्यायचा, चुकले म्हणायचं. मंडळीची डिसिप्लिन हाय ती. आणि हात द्यावा लागला म्हंजे ती शिस्तीखाली आली. शिस्तीखालच्या माणसाला वर्षभर पद देता येत न्हाई. मग नाव कुणाचं उरलं?"

चंद्राबाईंच्या हातातलं सूप थांबलं.

"बायकांच्या बाजूनं तुमचा एक शब्द पडला की झालं," लालासाहेब उठत म्हणाले. "पोरगं माझ्या अंगाखांद्यावर खेळलंय, वैनी. त्याचं भलं मी न्हाई बघायचं तर कुनी?"

ते खोटं बोलत नव्हते. हीच तर पंचाईत होती. विश्वजितचं बारसं, नवऱ्याचं आजारपण, मयत, प्रत्येक वेळी हा माणूस धावून आला होता. वाईट माणसाचं वाईट बोलणं झटकून टाकता येतं. आपल्यावर माया करणाऱ्या माणसानं पुढं केलेलं पाप फार जड जातं.

हात देणं ही वाडीची जुनी रीत. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, तयारीची उपासना व्हायची. कुणाचा कुणाशी तंटा असेल तर दोघांनी पुढं यायचं, पाळकांसमोर हातात हात द्यायचा. हात दिल्याशिवाय रविवारची भाकर आणि प्याला दोघांनाही नाही. नियम दोघांना सारखा होता. रीत चांगली होती आणि एके काळी तिच्या जोरावर सख्खे भाऊ बांध विसरून रडत एकमेकांच्या गळ्यात पडले होते. पुढं पुढं मात्र हात मागायचा कुणी आणि द्यायचा कुणी हे आधीच ठरून यायला लागलं. सुनेनं सासूला द्यायचा. गड्यानं मालकाला द्यायचा. हात दिला की विषय संपला, मग पोटात काय जळतंय ते जळू दे.

संध्याकाळी जेवताना चंद्राबाईंनी विश्वजितला सगळं सांगितलं. त्याच्या बायकोनं पोरीला कडेवर घेऊन कान दिला होता.

"मग तू काय म्हणालीस?" विश्वजितनं विचारलं.

"काय न्हाई. पर मी पंच हाय तवर तुजं नाव तिथं असनं बरं न्हवं. मला आदीच कळाया पायजे हुतं."

"आये, मग तू पंचातनं उठ की! तू उठलीस तर माझं नाव राहू दे. माझं मी बघतो. मला कुणाची मेहेरबानी नको, पण घरच्याच माणसानं आडवं येऊ नये एवढंच म्हणतोय."

पोराचं बोलणं बरोबर होतं. चंद्राबाई रात्रभर तेच घोळवत राहिल्या आणि सकाळी पाळकसाहेबांकडं गेल्या. पाळक आकाराम साळवे म्हणजे मऊ माणूस. आवाज मऊ, चाल मऊ, निर्णय त्याहून मऊ. साताऱ्याच्या वरिष्ठांना तक्रार जाऊ नये आणि वाडीतल्या कुणाच्या नाकाला मिरची झोंबू नये, एवढीच त्यांची महत्त्वाकांक्षा.

"मी उठले तर माज्या जागी कोन येईल?" चंद्राबाईंनी विचारलं.

"उरलेले तीन पंच सुचवतील ते नाव." पाळकांनी चष्मा पुसला. "लालासाहेबांच्या चुलतभावाचं नाव चर्चेत आहे."

"कवापासनं चर्चेत हाय?"

पाळकांनी चष्मा पुन्हा पुसला.

म्हणजे असं होतं. चंद्राबाई उठल्या तर विश्वजितचं नाव राहील, आणि अंकिताच्या बाजूनं एक शब्द बोलणारं पंचात कुणी उरणार नाही. चंद्राबाई बसल्या तर अंकिताचं ऐकणारं एक माणूस राहील, आणि विश्वजितची भाकरी जाईल. दोन्ही राखायची सोयच नव्हती. पाळकसाहेबांच्या घरातून चंद्राबाई बाहेर पडल्या तेव्हा समोरून उसाची ट्रॉली चालली होती. ती पूर्ण जाईपर्यंत त्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या, आणि ती गेल्यावरही उभ्याच राहिल्या. मग परत फिरल्या. पाळक अजून दारातच होते.

"पाळकसाहेब, माज्या पोराचं नाव काडून टाका."

"अहो, पण विश्वजितला विचारलंत का?"

"त्याला मी सांगते. तुमी काडा."

सांगितल्यावर विश्वजित ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "बरं," आणि बाहेर जाऊन बसला. सुनेनं त्या दिवशी भांडी जरा आपटूनच घासली.

गुरुवारी पंच बसले. चर्चच्या बाजूच्या खोलीत, मधे मेज, मेजावर पाळकसाहेबांचं शास्त्र, म्हणजे बायबल. विषय एकच, अंकिताचा अपराध. लालासाहेब आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसले होते, पाळकांच्या उजव्या हाताला.

"भाऊजी," चंद्राबाई म्हणाल्या, "तुमी आज हितं बसायचं न्हाई."

तात्याबांनी कानामागं हात नेला. त्यांना कमी ऐकू यायचं, पण हे नीट ऐकू आलं होतं.

"म्हंजे?" लालासाहेब म्हणाले.

"तंटा तुमचा हाय. तक्रार तुमची, तुमच्यावर तक्रार तिची. ती भाईर पायरीवर बसलीया. मग तुमी आत कसं? एकतर तिला आत घ्या, न्हाईतर तुमी भाईर जावा. पायरी रुंद हाय."

उदयसिंह हसला आणि लगेच गंभीर झाला. लालासाहेबांचा चेहरा लाल झाला. "वैनी, तुमच्या पोराचं नाव मागं घेतलंसा ते ऐकलं. राग आला आसंल. पर तो राग हितं काढू नका."

"राग मला आलाच हाय. न्हाई कशाला म्हनू? पर म्हनून इचारलेलं खोटं ठरत न्हाई."

पाळकसाहेब म्हणाले, "आपण सगळे एका कुटुंबातले आहोत. प्रेमानं मिटवू या." मोठी माणसं प्रेमाचं नाव काढू लागली की गरिबानं सावध व्हावं. मत घेतलं. लालासाहेबांनी आपल्याच तंट्यात आपल्याच बाजूनं हात वर केला. तात्याबांनी केला, उदयसिंहानं खाली बघत केला. ठरलं, शनिवारी अंकितानं हात द्यायचा. आणि रीतीप्रमाणं बाईमाणसाला पुढं आणायचं काम बाई-पंचाचं, म्हणजे चंद्राबाईंचं.

शनिवारी दुपारी चंद्राबाई अंकिताच्या घरी गेल्या. घर कसलं, पत्र्याची एक खोली. आई शेंगा फोडत होती आणि उंबऱ्याशी वस्तीवरून लंगडत आलेली बयाबाई पाय पसरून बसली होती. अंकिताचे डोळे सुजले होते.

"मावशी, मी देते हात," अंकिता म्हणाली. "आईला झोप न्हाई चार दिस. नोकरी गेली तर जाऊ द्या. लय ताणून काय मिळणार?"

 चंद्राबाई पोरीला ताठ राहा म्हणायला आल्या होत्या की पुढं न्यायला, हे त्यांचं त्यांनाच नक्की कळत नव्हतं. तेवढ्यात बयाबाई बोलली.

"मला एक सांगा गं. दंड कुनाचा धरला?"

दोघी तिच्याकडं बघायला लागल्या.

"न्हाई, इचारते आपली. ह्या पोरीला बोलावलं, त्यास्नी बोलावलं. तुमी बसलासा, पाळक बसलं. म्हनं तंटा मिटवायचाय. आवं, दंड माजा धरला की! मला कुनी इचारलं व्हय?"

चंद्राबाईंच्या कानशिलात बसल्यासारखं झालं. पाळकांनी विचारलं नव्हतं, पंचांनी विचारलं नव्हतं. अंकिता म्हातारीसाठी भांडली, पण तिनंही विचारलं नव्हतं. आणि स्वतः चंद्राबाई, पोराच्या भाकरीवर पाणी सोडून न्याय करायला निघालेल्या, त्यांनीही नाही. सगळी वाडी लालासाहेब आणि अंकिता यांच्यातला तंटा मिटवत होती. तो तंटा त्या दोघांचा नव्हताच. वस्तीवरची बाई रागावलेली असू शकते, हेच कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"आजी," चंद्राबाई म्हणाल्या, "चर्चपातूर चालवंल का?"

"चालवंल की. पर बसाया बाक पायजे."

चर्च भरलं होतं. तयारीच्या उपासनेला एवढी गर्दी कधी नसते, पण तमाशा असला की भक्ती वाढते. विश्वजित पेटीवर होता. तो आईकडं बघत नव्हता. चंद्राबाईंनी बयाबाईला आपल्या बाकावर, डावीकडच्या दुसऱ्या, बसवलं आणि स्वतः तिच्या शेजारी बसल्या. मागं कुजबुज झाली. पलीकडं पहिल्या बाकावर लालासाहेब इस्त्रीचा सदरा घालून बसले होते.

पाळकसाहेबांनी नेहमीचा भाग वाचला. वेदीशी अर्पण आणलंस आणि तिथं आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. वाडीतल्या प्रत्येकाला तो तोंडपाठ होता, त्यामुळं कुणी ऐकत नव्हतं. मग त्यांनी खाकरून म्हटलं, "आपल्या मंडळीत एक दुःखद प्रसंग झाला. आदरणीय पंच लालासाहेब यांना आपल्या एका भगिनीकडून... चंद्राबाई, आपण अंकिताला पुढं आणावं."

चंद्राबाई उठल्या. त्यांनी बयाबाईला हात दिला. दोघी हळूहळू पुढं आल्या, म्हातारीच्या गुडघ्यांच्या चालीनं. अंकिता आपल्या जागेवरच उभी राहिली.

"बाई, ही नव्हे," पाळकसाहेब हळूच म्हणाले.

"हीच." चंद्राबाईंचा आवाज शेवटच्या सतरंजीपर्यंत पोचला. "पाळकसाहेब, तुमी आत्ता वाचलंत. त्यात काय हाय? ज्याच्या मनाला लागलंय त्याच्याकडं जा, आसंच हाय न्हवं? ह्या म्हातारीला दंडाला धरून उठीवलं. देवाच्या घरात. गानं म्हनत हुती ती. अंकिता बोलली ते मागनं. ते बी चुकलं आसंल, त्याचं बी इचारू, मी पाठीशी घालत न्हाई. पर पयला तंटा हिचा हाय. भाऊजी, उठा. पुढं या. हिच्याकडं हात मागा."

 

लालासाहेब उठले. खरं सांगायचं तर त्यांच्या तोंडावर राग नव्हता, गोंधळ होता. त्यांना मनापासून कळत नव्हतं की या म्हातारीशी आपला तंटा कधी झाला. "ह्यात कसला तंटा? जागा चुकली हुती, उठीवलं. मी काय मारलं का?"

"मला इचारा की," बयाबाई म्हणाली.

सगळं चर्च तिच्याकडं बघायला लागलं. वस्तीवरच्या माणसाचा आवाज त्या भिंतींनी फक्त गाण्यात ऐकला होता.

"हात मागा, मी देईन," म्हातारी म्हणाली. "द्यायचा न्हाई आसं मी म्हनत न्हाई. पर आदी सांगा, का उठीवलंसा? जागा चुकली म्हनता. देवाच्या घरात माजी जागा कंची ते दावा, म्हंजे पुन्यांदा चुकायची न्हाई."

लालासाहेबांनी तोंड उघडलं. सतरंजी असं म्हणायचं होतं आणि ते म्हणता येत नव्हतं. मनात असलेलं, वर्षानुवर्षं पाळलेलं, सगळ्यांना ठाऊक असलेलं उत्तर, पण मोठ्यानं बोलायचं म्हटल्यावर त्यांच्या जिभेवर येईना. त्यांनी तात्याबांकडं बघितलं. तात्याबांनी नजर खाली घातली. उदयसिंह छताकडं बघत होता.

"सांगा की," बयाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं.

"मी फौजेत देशाची सेवा केलीया," लालासाहेब म्हणाले. मग, "ह्या चर्चचा पाया आमच्या आज्यानं घातला." आणि मग त्यांचं बोलणं संपलं.

आता पाळकसाहेबांना काहीतरी म्हणणं भाग होतं. चंद्राबाई त्यांच्याकडं एकटक बघत होत्या. हा मऊ माणूस आताही प्रेमानं मिटवायचं काढील, अशी त्यांची खात्री होती, आणि तसं झालं तर तिथल्या तिथं पंचपद सोडून चालू लागायचं, हेही त्यांनी ठरवलं होतं. पाळकांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. नुसता हातात धरून ठेवला.

"लालासाहेब," ते म्हणाले, "समेट झालेला नाही. उद्या आपण भाकर वाटू नये. आणि घेऊही नये. हा तंटा ऐकून होईपर्यंत पंचातही बसू नये." त्यांना घाम फुटला होता. "अंकिता, तूही उद्या थांब. तुझ्या बोलण्याचंही विचारायचं आहे. नियम दोघांना सारखा आहे. तो तसा पाळला गेला नाही, याला मी जबाबदार आहे."

अंकितानं मान हलवली. लालासाहेब मधल्या वाटेनं सरळ चालत बाहेर गेले. दारातल्या सतरंजीवरच्या माणसांनी पाय आखडून त्यांना वाट दिली. त्यांच्या घरचे मागोमाग गेले. उजवीकडचा पहिला बाक रिकामा झाला. बयाबाई त्यावर जाऊन बसली नाही. ती चंद्राबाईंच्या बाकावर परत आली आणि म्हणाली, "माजा बाई गुडगा लय ठनकाय लागला."

वाडीनं पुढचे दिवस तोंडसुख घेतलं. म्हातारीला पुढं करून चंद्राबाईनं सूड उगवला, असं निम्मे म्हणत होते. निम्मे म्हणत होते, बाई खमकी हाय. लालासाहेब बुधवारी बयाबाईच्या वस्तीपर्यंत गेले आणि ओढ्यावरून परत फिरले, असं कुणी सांगितलं. खरं खोटं देव जाणे. चंद्राबाईंना त्यांची आठवण यायची. खाट तिथंच होती आणि चहा नको म्हणायला कुणी येत नव्हतं.

पुढच्या गुरुवारी पंच बसले. लालासाहेबांची खुर्ची रिकामी होती. अंकिताला आत बोलावलं, तिचं ऐकलं. बाप काढला ते चुकलं, असं ती स्वतःच म्हणाली. बाकीचं चुकलं नाही, असंही म्हणाली. पंचांनी तेवढ्यावर भागवलं, तिला शिस्तीखाली घातलं नाही. ती गेल्यावर पाळकसाहेबांनी सेवकाच्या नेमणुकीचा विषय काढला. त्यांचा चेहरा खुलला होता. माणसाला एकदा हिंमत केल्याचं सुख मिळालं की त्याला सगळ्यांचं भलं करावंसं वाटतं.

"चंद्राबाई, तुम्ही या मंडळीसाठी फार सोसलंत," ते म्हणाले. "आम्ही तिघं बोललो. विश्वजितचं नाव परत घ्यावं. मुलगा लायक आहेच. तुम्हाला हवं तर आता पंचातून उठा, आता काही अडचण नाही."

"पोराचं नुकसान का म्हणून?" तात्याबा मोठ्यानं म्हणाले. "तुमचा मान म्हणून देतोय आमी. मत बी घ्यायला नगं."

उदयसिंहानं मान डोलावली. तिघांच्या तोंडावर माया होती. लालासाहेब खाटेवर बसून बोलले होते, तेव्हा त्यांच्याही तोंडावर हीच होती.

चंद्राबाईंच्या डोळ्यांपुढं चर्चच्या मागचं दोन खोल्यांचं घर आलं. त्यात झोळी, झोळीत नात. पेटीवर बसलेला पोर, तोंड लपवून वाजवणारा. एक हो म्हटलं की झालं. कुणी बोट दाखवलं नसतं. आणि पोरगा खरंच लायक होता, याचाच त्यांना सगळ्यात जास्त राग आला.

"तुमी लोक काय शिकलासा?" त्या उठून उभ्या राहिल्या. "भाऊजींचा मान म्हनून त्यांचं ऐकलं. आता माजा मान म्हनून माजं ऐकायचं. खुर्चीवरचं माणूस बदाललं फक्त! भाऊजींना मी हितनं उठीवलं ते माज्या पोराला बसवायला न्हाई. रविवारी सगळ्यांच्या समोर सांगा, जागा हाय म्हनून. वस्तीवर जाऊन सांगा. ज्याला यायचंय त्याला येऊ द्या, आन साताऱ्यासनं ज्यांना आमच्यातलं कुनी ठावं न्हाई अशी माणसं बोलवून परीक्षा घ्या. अंकिता आली तर तिची बी. माज्या पोराचं नाव त्यात घालायचं न्हाई. आज घातलं, तर त्या म्हातारीचा दंड मी पोराच्या नोकरीसाठी वापारला, आसं व्हईल."

 

घरी विश्वजित पिशवी भरत होता. लोणंदला एका कारखान्यात ओळखीच्या पोरानं जागा बघितली होती, रात्रपाळीची. बायको-पोरीला नंतर न्यायचं होतं. चंद्राबाईंनी लपवलं नाही. पंचांनी काय देऊ केलं आणि आपण काय म्हणालो, ते जसंच्या तसं सांगितलं.

विश्वजितचे हात थांबले. "ते देत होते?"

"व्हय."

"आणि तू नको म्हणालीस. दुसऱ्यांदा."

"व्हय."

 त्यानं शर्ट घडी घालून आत ठेवला, चेन ओढली. मग म्हणाला, "तिकडं कुणी विचारलं, घरचं गाव, घरचं चर्च, आई पंच, मग तिथं का नाही मिळाली नोकरी? तर काय सांगू, आये?"

चंद्राबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही.

"सांग, आईनं मिळू दिली न्हाई," त्या म्हणाल्या. "मान वर करून सांग."